नव्या नोकरीत जास्तीचा टॅक्स कापला जातोय? पहिल्या पगाराआधी एवढं नक्की करा

३१ जुलैला रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. कोल्हापूरहून पुण्यात आलेला, पहिलीच नोकरी, पहिलाच पगार. मला वाटलं पार्टीचं विचारतोय. तर म्हणाला, "ताई, वर्षाला नऊ लाख सांगितले होते ना? मग महिन्याचे पंचाहत्तर हजार झाले. माझ्या खात्यात पासष्ट हजार दोनशे सदुसष्टच आलेत. बाकीचे गेले कुठं?"

पेस्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली. व्यवसाय कर २०० रुपये. ते ठीक. त्याखाली आयकर, ९,५३३ रुपये. आणि गंमत म्हणजे त्याच्या पगारावर या वर्षी एक रुपयाही आयकर लागायला नको होता.

त्याच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता साधारण तेवढाच आहे, साडेनऊ हजारांचा. "पहिल्या पगारापासून हप्ता मी भरतो" असं तो बाबांना सांगून आला होता. खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि मेस देऊन त्याच्याकडे हप्त्यापुरतेही उरले नव्हते. म्हणून हा विषय मी त्याला फोनवर समजावला तसाच इथे लिहितेय. तुम्ही पहिल्यांदा नोकरीला लागत असाल किंवा नोकरी बदलत असाल, तर ऑफर लेटर आणि पहिली पेस्लिप समोर ठेवूनच वाचा.

लेखातले सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या पगाराचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलतात, पण पगारातून टॅक्स कापायची मूळ पद्धत तीच आहे.

कंपनी तुमचा टॅक्स मोजते कसा?

पगारातून कापल्या जाणाऱ्या आयकराला टीडीएस म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की दर महिन्याच्या पगारावर ठरावीक टक्के कापले जातात. तसं नसतं. पेरोल सॉफ्टवेअर, किंवा छोट्या कंपनीत अकाउंटंटची एक्सेल शीट, चार पायऱ्यांत हिशोब करते:

१. ३१ मार्चपर्यंत तुम्हाला एकूण किती पगार मिळेल याचा अंदाज धरायचा.
२. त्यातून मिळणाऱ्या वजावटी काढायच्या.
३. उरलेल्या रकमेवर पूर्ण वर्षाचा टॅक्स काढायचा.
४. तो टॅक्स वर्षातल्या उरलेल्या महिन्यांमध्ये वाटून दर महिन्याला कापायचा.

म्हणजे हा सगळा अंदाजाचा खेळ आहे. आणि नव्या कंपनीला तुमच्याबद्दल तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच माहीत असतं. आधी कुठे होतात, किती कमावलंत, किती टॅक्स आधीच भरलाय, कोणती करप्रणाली हवी, पॅन नंबर बरोबर आहे का, यातलं जे तुम्ही सांगत नाही तिथे सॉफ्टवेअर स्वतःचं काहीतरी धरून चालतं. जास्तीचा टॅक्स बहुतेक वेळा इथेच कापला जातो.

त्या ९,५३३ रुपयांची उकल

भाऊ लागला ती पंधरा-सोळा जणांची छोटी कंपनी. पीएफ नाही, पगाराचा हिशोब एक्सेलवर. त्याला म्हटलं, अकाउंटंटकडून टॅक्सच्या हिशोबाचा कागद माग. कागद आला आणि दोन चुका सापडल्या.

पहिली चूक कंपनीची. तो १ जुलैला रुजू झाला, म्हणजे या आर्थिक वर्षात त्याला नऊच महिन्यांचा पगार मिळणार. नऊ गुणिले पंचाहत्तर हजार, म्हणजे ६,७५,००० रुपये. शीटमध्ये मात्र ऑफर लेटरवरचे ९,००,००० तसेच्या तसे टाकलेले.

दुसरी चूक त्याची स्वतःची. रुजू होताना भरलेल्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'जुनी करप्रणाली की नवी' असा प्रश्न होता. मेसमध्ये कुणीतरी सांगितलं, "जुनी घे, ८०सी मिळतं." यानं घेतली. पण ८०सीमध्ये दाखवायला एलआयसी नाही, पीपीएफ नाही, काहीच नाही.

आता हिशोब बघा:

- दोन्ही चुका धरून: ९,००,००० मधून जुन्या प्रणालीची ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ८,५०,०००. त्यावर टॅक्स ८२,५००, वर ४ टक्के उपकर. एकूण ८५,८००. नऊ महिन्यांत वाटले की महिन्याला ९,५३३.
- फक्त पहिली चूक दुरुस्त केली तर: ६,७५,००० मधून ५०,००० गेले, उरले ६,२५,०००. उपकरासह टॅक्स ३९,०००, म्हणजे महिन्याला ४,३३३.
- दोन्ही दुरुस्त केल्या तर: ६,७५,००० मधून नव्या प्रणालीची ७५,००० ची वजावट गेली, उरले ६,००,०००. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट मिळते, त्यामुळे टॅक्स शून्य.

(व्यवसाय कराची छोटीशी वजावटही त्या शीटमध्ये धरलेली नव्हती. रक्कम लहान आहे म्हणून इथे सोडून दिली.)

कुणी लक्षच दिलं नसतं तर मार्चपर्यंत ८५,८०० रुपये कापले गेले असते, जे मुळात द्यायचेच नव्हते. आता तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून काय काय बघायचं ते एकेक करून पाहू.

१. पॅन: आधी हे तपासा, मग बाकीचं

पॅन दिला नाही किंवा तो निष्क्रिय असेल, तर पगारावर टॅक्स लागू होत असल्यास कंपनीला जास्त दराने कापावा लागतो: तुमचा सरासरी दर किंवा २० टक्के, यातला जो जास्त असेल तो. फरक केवढा पडतो बघा. समजा वर्षाचा पगार १५ लाख आहे. नव्या प्रणालीत उपकरासह टॅक्स होतो ९७,५००. पॅन निष्क्रिय असेल तर २० टक्क्यांनी हाच आकडा २,८५,००० च्या घरात जातो.

पॅन निष्क्रिय होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तो आधारशी जोडलेला नसणं. तपासायला दोन मिनिटं लागतात. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर जा. लॉगिन करायचीही गरज नाही. पहिल्याच पानावर 'लिंक आधार स्टेटस' असा पर्याय आहे. पॅन आणि आधार क्रमांक टाका, जोडलेलं आहे की नाही ते लगेच दिसतं. जोडलेलं नसेल तर १,००० रुपये शुल्क भरून जोडावं लागतं, आणि त्यानंतर पॅन पुन्हा सुरू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून हे काम रुजू व्हायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. पॅन निष्क्रिय असताना रिफंडही अडकतो, आणि तेवढ्या काळाचं व्याजही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, पेस्लिपवर छापलेला पॅन एक-एक अक्षर करून कार्डाशी जुळवा. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर तुमचा टॅक्स तुमच्या नावावर जमाच होत नाही. मग कंपनीला दुरुस्ती विवरण भरावं लागतं, आणि त्यासाठी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

२. जुनी की नवी करप्रणाली? ऐकून नको, मोजून ठरवा

तुम्ही काहीच सांगितलं नाही तर कंपनी नवीच प्रणाली धरते. तिचे टप्पे असे:

- ४ लाखांपर्यंत: शून्य
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

वजावटीनंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून टॅक्स शून्य होतो. पगारदारांना वर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे, म्हणून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर टॅक्स नाही. मात्र शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या ज्या नफ्यावर वेगळा दर आहे, त्याला ही सूट लागू होत नाही.

जुन्या प्रणालीत घरभाडे भत्ता, ८०सीचे दीड लाख, आरोग्य विमा, गृहकर्जाचं व्याज अशा वजावटी मिळतात, पण टप्पे कडक आहेत: अडीच लाखांपर्यंत शून्य, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. पगार मोठा, मुंबई-पुण्यात भाडंही मोठं आणि वर गृहकर्ज, अशा लोकांना ती आजही फायद्याची ठरू शकते. नुकतंच नोकरीला लागलेल्या, भाडं आठ-दहा हजार असलेल्या माणसाला ती क्वचितच परवडते.

ई-फायलिंग पोर्टलवर टॅक्स कॅल्क्युलेटर आहे. त्यात एकदाच आकडे भरले की दोन्ही प्रणालींचा टॅक्स शेजारी-शेजारी दिसतो. तो बघा आणि मगच कंपनीच्या फॉर्मवर टिक करा. आधीच्या कंपनीत केलेली निवड नव्या कंपनीकडे आपोआप येत नाही, इथे ती नव्याने सांगावी लागते.

आणि चुकलं तर? बऱ्याच कंपन्या वर्षाच्या मध्ये निवड बदलू देत नाहीत. पण फक्त पगाराचं उत्पन्न असणाऱ्यांना वेळेत रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. कंपनीला सांगितलेली निवड फक्त टीडीएसपुरती असते. म्हणजे पैसे बुडत नाहीत, अडकतात.

३. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीचा पगार सांगा

यात उलटाच धोका आहे. वरवर पाहता टॅक्स कमी कापला जातो, आपण खूश होतो, आणि बिल नंतर येतं.

समजा एप्रिल ते सप्टेंबर एका कंपनीत तुम्हाला सहा लाख मिळाले. ऑक्टोबर ते मार्च दुसऱ्या कंपनीत आठ लाख मिळणार. पहिल्या कंपनीने वर्षाचे बारा लाख धरले, टॅक्स शून्य. दुसऱ्या कंपनीला फक्त तिचे आठ लाख दिसतात, तिथेही शून्य. दोघांनीही ७५,००० ची वजावट आणि सूट वेगवेगळी दिली. पण तुमचं खरं उत्पन्न १४ लाख. एकदाच ७५,००० वजा केले की १३,२५,०००, आणि त्यावर उपकरासह टॅक्स ८१,९००.

हे नव्या कंपनीला पहिल्याच महिन्यात सांगितलं तर सहा महिन्यांत मिळून कापले जातात, महिन्याला १३,६५०. जानेवारीत सांगितलं तर तीनच महिने उरतात, महिन्याला २७,३००. सांगितलंच नाही तर जुलैत रिटर्न भरताना ८१,९०० एकदम, आणि वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. या उदाहरणात तेच सात हजारांच्या आसपास जातं.

मी स्वतः यात अडकले आहे. काही वर्षांपूर्वी नोकरी बदलली तेव्हा एचआरने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हातात जास्त पैसे येत होते, त्यात घरात फ्रिज आणि वॉशिंग मशिन आलं. रिटर्न भरायला बसले तेव्हा पोर्टलवर भरायची रक्कम दिसली आणि आणीबाणीसाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली.

आधीचा पगार सांगायचा तो फॉर्म १२बी मध्ये. कायद्याने सक्ती नाही, पण फायदा तुमचाच आहे. त्यात आधीच्या कंपनीचं नाव, पॅन आणि टॅन क्रमांक, मिळालेला पगार आणि कापलेला टॅक्स लिहायचा. याचा दुसराही उपयोग आहे. आधीच्या कंपनीने अंदाज मोठा धरून जास्त टॅक्स कापला असेल, तर तो लक्षात घेऊन नवी कंपनी उरलेल्या महिन्यांत कमी कापते.

काही एचआर "आधीच्या कंपनीचा फॉर्म १६ आणा" म्हणतात. तो वर्ष संपल्यावर येतो, कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. त्याची वाट बघत बसू नका. नोकरी सोडताना सगळ्या पेस्लिप, शेवटच्या हिशोबाचा कागद आणि टॅक्सच्या हिशोबाची शीट डाउनलोड करून घ्या. तुमचा ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो, म्हणून हे आदल्या आठवड्यातच स्वतःच्या मेलवर घ्या.

४. व्हेरिएबल पगार आधीच धरलाय का?

ऑफर लेटरवर बारा लाख फिक्स आणि एक लाख व्हेरिएबल असेल तर काही सॉफ्टवेअर पूर्ण तेरा लाख धरून सुरुवात करतात. बारा लाखांवर टॅक्स शून्य. तेरा लाखांवर मात्र ७५,००० वजा करून १२,२५,००० उरतात आणि उपकरासह २६,००० टॅक्स लागतो. जो एक लाख मिळेल की नाही हेच माहीत नाही, त्याचा टॅक्स पहिल्या महिन्यापासून कापला जातो.

यात नियमबाह्य काही नाही, कंपनी अंदाजच धरत असते. पण व्हेरिएबल वर्षअखेरीस किंवा पुढच्या आर्थिक वर्षात मिळणार असेल तर तसं लेखी सांगा. जॉइनिंग बोनस मात्र मिळतो त्या वर्षाच्या पगारात धरला जाणारच. तो मिळाला त्या महिन्यात टॅक्स वाढलेला दिसला तर घाबरू नका.

५. दुसरीकडे कापलेला टॅक्स आणि गुंतवणुकीचे पुरावे

बँकेतल्या एफडीचं व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं तर बँक १० टक्के टीडीएस कापते. ऑक्टोबर २०२४ पासून हा कापलेला टॅक्स कंपनीला फॉर्म १२बीएए मध्ये सांगता येतो, आणि कंपनी पगारातून तेवढा कमी कापू शकते. अर्थात व्याजाचं उत्पन्नही सोबत सांगावं लागतं.

जुनी प्रणाली घेतली असेल तर फॉर्म १२बीबी भरायचा असतो. सुरुवातीला आपण फक्त 'करणार आहे' असं सांगतो. खरे पुरावे बहुतेक कंपन्या डिसेंबर-जानेवारीत मागतात. तेव्हा भाडेपावत्या, विम्याच्या पावत्या दिल्या नाहीत तर पूर्ण वर्षाचा राहिलेला टॅक्स शेवटच्या दोन-तीन पगारांतून निघतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही लागतो. तो जानेवारीत मागायला गेलात की मालक टाळाटाळ करतात, म्हणून भाडेकरार करतानाच घेऊन ठेवा. मुदत हुकली तरी वेळेत रिटर्न भरताना ही वजावट घेता येते.

६. जुना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा

नोकरी बदलल्यावर "पीएफ काढून टाक, पैसे हातात येतील" असा सल्ला देणारा एकजण तरी भेटतोच. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधी काढला तर ती रक्कम करपात्र होते. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. तोच पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केला तर टॅक्स लागत नाही, आणि आधीच्या नोकरीचा काळही पाच वर्षांत मोजला जातो. म्हणून नव्या कंपनीत तुमचा जुनाच यूएएन द्या. दुसरा तयार होऊ देऊ नका.

पेस्लिपवर दिसणारा व्यवसाय कर वेगळा, तो राज्य सरकारचा. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५००. महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल आणि तरी कापला जात असेल तर एचआरला विचारा.

पहिली पेस्लिप आली की या पाच गोष्टी बघा

पेस्लिपसोबत टॅक्सच्या हिशोबाचा कागद मिळत नसेल तर मागून घ्या, मिळतो. मग तपासा:

१. वर्षाचं उत्पन्न म्हणून किती धरलंय? रुजू झाल्यापासून मार्चपर्यंतचे महिने मोजून स्वतः गुणाकार करा.
२. करप्रणाली कोणती लिहिली आहे?
३. प्रमाणित वजावट धरली आहे का? नव्या प्रणालीत ७५,०००, जुन्यात ५०,०००.
४. आधीच्या कंपनीचा पगार आणि टीडीएस दिसतोय का?
५. पॅन बरोबर आहे का?

कापलेला टॅक्स खरंच सरकारजमा झाला का, हे ई-फायलिंग पोर्टलवर फॉर्म २६एएस किंवा एआयएस मध्ये दिसतं. कंपनी टॅक्स पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरते, पण नोंद तिमाही विवरण भरल्यावर येते. जुलै ते सप्टेंबरचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. म्हणून ऑगस्टमध्ये काही दिसलं नाही तर लगेच काळजी करू नका, नोव्हेंबरच्या मध्यात पुन्हा बघा. तेव्हाही दिसलं नाही तर मात्र विचारायलाच हवं.

जास्त कापला गेलाच तर?

कंपनीला दुरुस्ती करता येते. आधी जास्त किंवा कमी कापलेला टॅक्स त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या पगारांमध्ये कमी-जास्त करून जुळवून घेण्याची मुभा आयकर कायदाच देतो (१९६१ च्या कायद्यात कलम १९२, पोटकलम ३). त्यामुळे "आता काही होत नाही, रिटर्नमध्ये बघा" असं कुणी सप्टेंबरमध्ये म्हणालं तर हे नम्रपणे दाखवून द्या. मार्चचा पगार झाला की मात्र कंपनीच्या हातात काही उरत नाही.

तोंडी बोलू नका, मेल करा. भावाला मी असा मजकूर दिला होता:

"मी १ जुलै २०२५ रोजी रुजू झालो. या आर्थिक वर्षात मला नऊ महिन्यांचा, म्हणजे ६,७५,००० रुपये पगार मिळेल. टॅक्सच्या हिशोबात ९,००,००० धरले आहेत. तसेच मला नवी करप्रणाली निवडायची आहे. कृपया दोन्ही दुरुस्त करून नवीन हिशोब पाठवावा. ऑफर लेटर आणि पेस्लिप सोबत जोडत आहे."

भांडण नाही, आरोप नाही. तारीख, आकडा आणि काय हवं ते. अकाउंटंट आधी म्हणाले की प्रणाली बदलता येणार नाही. मग पहिलाच महिना आहे म्हणून ऐकलं. ऑगस्टच्या पेस्लिपवर आयकर शून्य आला.

जुलैचे ९,५३३ मात्र सरकारजमा झाले होते. पुढे टॅक्सच लागणार नसल्यामुळे ते वळते करून घ्यायलाही जागा नव्हती. आता ते त्याला २०२६ मध्ये रिटर्न भरल्यावरच मिळतील. ३१ जुलैच्या मुदतीत रिटर्न भरलं तर रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, पण तेही १ एप्रिल २०२६ पासून. त्याआधीचे महिने सरकारने ते पैसे बिनव्याजी वापरले असंच समजा. रिफंड यावा म्हणून बँक खातं पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून ठेवा आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. नाहीतर भरलेलं रिटर्न धरलं जात नाही.

तर थोडक्यात कामाचा क्रम असा ठेवा. रुजू व्हायच्या महिनाभर आधी पॅन-आधार तपासा. जुनी नोकरी सोडताना सगळे कागद स्वतःकडे घ्या. पहिल्या आठवड्यात करप्रणाली मोजून कळवा, फॉर्म १२बी द्या आणि जुना यूएएन द्या. पगार व्हायच्या दोन-चार दिवस आधी एचआरला विचारा, "माझा टॅक्सचा हिशोब बघायला मिळेल का?" त्या वेळी आकडा बदलणं एका मिनिटाचं काम असतं. पगार झाला की तेच काम वर्षभरावर जातं.

भावाने जुलैचा हप्ता शेवटी माझ्याकडून उसने घेऊन भरला. ऑगस्टपासून स्वतः भरतोय. उसने परत कधी देणार विचारलं तर म्हणतो, "रिफंड आला की देतो, ताई."